खाडीत गळ टाकण्यापूर्वी

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत सलग खुला झाला, आणि वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या शेलूबाजारच्या ज्या माणसाला आजवर समुद्रदर्शन हे मुंबईतल्या एखाद्या कामाला, इस्पितळाच्या फेरीला किंवा लग्नकार्याला जोडून आयुष्यात एकदोनदा घडणारे प्रकरण वाटत होते, त्याच्या गावालगतच त्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर चढण्याची वाट येऊन ठेपली. रस्ता जवळ आला की बेतही जवळ येतात. देवबाग, वेंगुर्ले, दाभोळ, विजयदुर्ग ही नावे आता आमच्याकडे कारंजा-मंगरूळपीरच्या बरोबरीने चहाच्या टपरीवर उच्चारली जातात. या नव्या बेतांपैकी एकाविषयी मला विशेष आस्था आहे, आणि आस्था आहे म्हणूनच त्याविषयी स्पष्ट बोलणे अगत्याचे वाटते. तो बेत म्हणजे गळ घेऊन कोकणच्या खाडीवर चार दिवस राहण्याचा.

हा बेत बहुधा उलट्या टोकाने आखला जातो. प्रथम कचेरीतली रजा मंजूर होते, मग खोल्यांचे आरक्षण होते, मग घरबसल्या मागविलेली काचतंतूची काठी, फिरकी आणि रंगीबेरंगी कृत्रिम आमिषे यांचे खोके दारात येऊन पडते, आणि मासा, ज्याच्यासाठी ही सगळी यातायात, तो सर्वांत शेवटी विचारात घेतला जातो. ज्या कोळ्याच्या पाण्यावर आपण जाणार, त्याचा विचार तर मालवणच्या जेटीवर उतरून होडीचे भाडे ठरविताना काय होईल तेवढाच. माझे म्हणणे असे आहे की, गळाच्या सुट्टीचा आरंभ पाण्यापासून आणि त्या पाण्यावर ज्याची उपजीविका आहे त्या माणसापासून झाला पाहिजे. आणि हे केवळ शिष्टाचाराचे प्रकरण नसून, त्याला सरकारने आता काही नियमबद्ध स्वरूप द्यावे, अशी वेळ येऊन ठेपली आहे.

मासेमारी आम्हांला परकी नव्हे. अडाण नदीवर कारंजा तालुक्यात धरण आहे, वाशीमजवळ एकबुर्जीचा जलाशय आहे, आणि या पाण्यांवर भोई समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकीत आली आहेत. जलाशयांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आणि रोहू, कटला, मरळ, वांब हे मासे इकडच्या बाजारांत नित्याचे आहेत. गांडूळ लावून तळ्याच्या काठी बसलेला पोर आमच्याकडे कोणत्याही गावी दिसेल. परंतु तळ्याचे पाणी एका जागी उभे असते. आज जेथे मरळ लागली तेथे ती उद्याही लागण्याचा संभव असतो. खाडीचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते आणि दोन वेळा उतरते, आणि जो मासा भरतीच्या वेळी कांदळवनाच्या मुळांत शिरलेला असतो तो ओहोटीला अर्धा मैल खाली गेलेला असतो. तळ्याकाठी मुरलेल्या माणसाचे कौशल्य येथे थिटे पडते ते या एका कारणाने.

कोकणातील जुन्या लोकांपाशी या हालचालीचा एक सोपा हिशेब आहे, आणि विदर्भातून निघणाऱ्या प्रत्येकाने तो भिंतीवरच्या पंचांगाशेजारी लिहून ठेवावा असे मला वाटते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो वा वद्य पक्ष, हिशेब तोच, आणि दिवसा तसाच रात्री. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पाणी पूर्ण ओसरते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. म्हणून ज्याला चारच दिवस मिळायचे आहेत त्याने रजेचा अर्ज देण्यापूर्वी तिथी पाहावी, आणि खाडीच्या मुखाशी गळ टाकायचा असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी ओहोटी लागते असे दिवस निवडावेत. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक आहेच. पण पाऊणपटीचा हिशेब ज्याच्या डोक्यात बसला त्याला नावाड्याचे बोलणे समजू लागते, आणि नावाड्यालाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ वाटू लागतो.

ओहोटी लागून तासाभराचा अवधी लोटला की कांदळवनाच्या मुळांमधून आणि लहानसहान चरांमधून पाणी मुख्य प्रवाहात उतरू लागते, आणि त्याच्याबरोबर कोळंबी, बोईची पिले, बारीकसारीक जीव बाहेर लोटले जातात. चराचे गढूळ पाणी आणि प्रवाहाचे निवळ पाणी जेथे मिळते तेथे एक रेघ उमटते, आणि त्या रेघेच्या आतल्या अंगाला मोठा मासा प्रवाहाकडे तोंड करून दबा धरून राहतो. जाणता नावाडी होडी वरच्या बाजूला नांगरतो, जिवंत कोळंबीच्या शेपटाच्या शेवटच्या पेरातून गरी अशा बेताने ओवतो की तिचा जीव राहावा आणि ती पाण्यात धडपडत राहावी, आणि वजन न लावता दोरी प्रवाहाच्या हवाली करतो. मग बराच काळ काहीच घडत नाही. आणि घडते तेव्हा पाण्यावर हाताची थाप मारल्यासारखा एक आवाज होतो, दोरी ताणली जाते, आणि रुपेरी अंगाचा, मोठ्या जबड्याचा एक मासा डोके झटकीत पाण्याबाहेर उसळतो. तो चोणक होय. रायगडाकडे त्यालाच जिताडा म्हणतात. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा इतकी धारदार असते की, तीवर घासून ताठ दोरी तुटते आणि नवख्याचे बोटही कापते.

या एका माशासाठी जगातील हौशी गळकरी उत्तर ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम खाड्यांपर्यंत आणि नद्यांपर्यंत जातात. तेथे त्याला बॅरामुंडी म्हणतात. पावसाळा सरताना पूरमैदानांवरील पाणी नद्यांत परतू लागते, त्या दिवसांवर नजर ठेवून महिनोन्‌महिने आधी मुक्काम ठरविले जातात. जात तीच, खारे-गोडे पाणी तेच, मगरींचे भयही तेथे आणि येथे. आपल्या वाशिष्ठीत मगरी आहेत हे चिपळूणकरांना ठाऊकच आहे. फरक आहे तो व्यवस्थेचा. तेथील नॉर्दर्न टेरिटरीत ५५ सेंटिमीटरहून लहान बॅरामुंडी ठेवता येत नाही; क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरची किमान मर्यादा आहे, आणि तिच्या जोडीला १२० सेंटिमीटरची कमाल मर्यादाही आहे. लहान मासा सोडावा हे कोणालाही पटते. मोठा, म्हणजे ज्याच्याबरोबर छायाचित्र काढून गावाकडे पाठवावयाचे तोच, का सोडावा, हे मात्र त्या माशाचे जीवनचरित्र कळल्यावाचून पटत नाही. चोणक आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो. वाढत वाढत साधारण ८५ ते १०० सेंटिमीटरच्या घरात आला की त्याची मादी होते, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यास सांगतात. अर्थात मोठे चोणक हे बहुतांशी माद्या असतात, आणि एकेक मादी लाखोंच्या संख्येने अंडी घालते. ज्या खाडीतून मोठे मासे वेचून काढले गेले त्या खाडीत नर पुष्कळ उरतील आणि संतती राहणार नाही. हे ज्ञान असलेल्या माणसाच्या हाती काठी आणि नसलेल्या माणसाच्या हाती काठी, या दोहोंत खाडीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये दोन चांगल्या गोष्टी केल्या. पापलेटाला, म्हणजे सरंग्याला, राज्यमाशाचा मान दिला, आणि ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. या निर्णयाचा रोख मुख्यतः जाळ्यांवर आणि बाजारावर आहे, आणि तो तसाच असावा, कारण सागराची लूट होते ती जाळ्यांनी, गळाने नव्हे. तथापि विदर्भातून, मराठवाड्यातून, पुण्या-मुंबईतून जेव्हा शेकडो काठ्या एकाच सुट्टीच्या आठवड्यात एकाच खाडीत उतरू लागतील, तेव्हा गळही निरुपद्रवी राहणार नाही, हे आताच ध्यानात घेतलेले बरे.

हंगामाविषयीही हेच. १ जून ते ३१ जुलै या मुदतीत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. वारा आणि लाटा यांपासून माणसाचे रक्षण हा तिचा एक हेतू, आणि अंडी घालण्याच्या काळात माशांना उसंत मिळावी हा दुसरा. शाळांची मे महिन्याची सुट्टी लांबवून जूनच्या पहिल्या पावसात खाडीवर जाण्याचा मोह आमच्याकडील मंडळींना होतो, कारण त्या दिवसांत नद्यांना पाणी येते आणि पोटात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे ओढ्यांत, शेतांच्या बांधांवर अक्षरशः हातांनी पकडता येतात. चढणीच्या माशांची ती मेजवानी कोकणातल्या गावकऱ्याच्या जुन्या आयुष्यक्रमाचा भाग आहे, आणि तीही आता बेताने व्हावी असे तेथील जाणती माणसे सांगतात. बाहेरच्याने तर तिच्यात हात घालूच नये. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाल्यावर कोळ्यांच्या होड्या पाण्यात उतरतात, परंतु पुराने आलेला गढूळपणा निवळावयास पुढे आणखी काही आठवडे लागतात. दसरा-दिवाळीपासून पुढचा काळ हा आमच्यासारख्यांनी जावयाचा काळ होय. आणि सोयाबीन घरात येऊन पडलेले असते म्हणून तो वऱ्हाडातील शेतकऱ्याच्याही सोयीचा आहे.

जावे तेथे कोणाचा अंमल चालतो हेही ठाऊक असावे. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एकूण क्षेत्र २९ चौरस किलोमीटरहून किंचित अधिक आणि त्यांतील गाभ्याचे क्षेत्र ३ चौरस किलोमीटरांच्या वर; त्या गाभ्यात गळ टाकावयाचा नाही, मग नावाडी किती का आग्रह करीना. याच किनाऱ्यावर रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांचे मालक यांचा झगडा वर्षानुवर्षे चालला; डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तो झगडा पुरता मिटला आहे असे म्हणवत नाही. रापणीचे मोठे जाळे किनाऱ्यावर ओढण्यासाठी वाडीतील कितीतरी माणसे एकत्र येतात, आणि त्या श्रमानंतर कधी कधी टोपलीभर तारल्यांवर समाधान मानावे लागते. ज्याचा मासा आधीच यांत्रिक जाळ्यांनी नेला आहे, त्याच्या खाडीत हौसेने गळ टाकावयास आलेल्या माणसाने आपण कोणाच्या दारात उभे आहो याची जाणीव ठेवली पाहिजे. ही जाणीव केवळ मनात असून भागत नाही, ती जमाखर्चात दिसली पाहिजे. म्हणजे होडी त्याची, आमिषाची कोळंबी त्याच्याकडून, जेवण त्याच्या घरचे, आणि मुक्काम शक्यतो गावातल्या निवास-न्याहारीच्या घरी. देवबागेला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर अशी घरे पुष्कळ आहेत.

नावाड्याने जीवरक्षक अंगरखा देऊ केला तर तो घालावा, न दिला तर मागावा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून माणसे दगावली. समुद्र न पाहिलेल्या माणसाला त्याचे भय नसते, आणि आमच्याकडे धरणात पोहणारे पुष्कळ असले तरी खाडीच्या मुखावरील प्रवाहाशी त्यांची गाठ पडलेली नसते.

मासा ओळखून मग गळ टाकावा ही शिकवण आपल्या भूमीत आजची नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने आपल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिले. समुद्रातले मासे कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय चारून एका जागी आणून लावावे, दोरी कशी करावी, हे सारे त्याने राजाला शोभेल अशा बारकाईने सांगितले. एका सम्राटाला जी माहिती गळ हाती धरण्यापूर्वी आवश्यक वाटली, ती आपल्याला अनावश्यक वाटावी असे काही कारण नाही.

नद्यांच्या बाबतीत लोकपरंपरेने त्याहून पुढचे पाऊल टाकले आहे. महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीच्या आश्रयाने महाशीर मासे निर्धास्त वावरतात, आणि वाडा तालुक्यात तिळशाच्या शिवमंदिरापाशी वैतरणेतील माशांना भाविक खाऊ घालतात. दोन्ही ठिकाणी मासा पकडण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून दख्खनच्या महाशीराची नोंद शास्त्रात केली, पण आज त्या नद्यांची स्थिती काय आहे ते पुणेकरांस सांगावयास नको. ज्या डोहांना देवाचे नाव मिळाले ते वाचले. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महाशीराची पैदास करण्याचे काम १९७० च्या दशकात हाती घेतले, मत्स्यव्यवसाय खात्याचे निवृत्त संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी त्यास शास्त्रीय अधिष्ठान दिले, आणि हे कार्य निःसंशय मोठे आहे. तरीही लोणावळ्याचे हे बीज पुढे कावेरीत सोडले गेले तेव्हा तेथील मूळचा, कुबड असलेला महाशीर त्या नव्या रहिवाशांपुढे मागे पडत गेला. २०१८ मध्ये त्याला नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरील जात ठरविण्यात आले. त्या नदीत मासे वाढावेत, गळकऱ्यांना आनंद मिळावा, हाच उद्देश होता. सदिच्छा असूनही पाण्याचे ज्ञान नसले तर काय होते याचे याहून लख्ख उदाहरण मला ठाऊक नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या खोऱ्यातील जिवंत आमिष किंवा पिले बरोबर नेऊन कोकणच्या नदीत सोडू नयेत, एवढी एक गोष्ट तरी आमच्या प्रत्येक गळकऱ्याने कटाक्षाने पाळावी.

आता सरकारदरबारी मांडावयाची तजवीज. खाडीवर गरवावयास येणाऱ्या बाहेरच्या माणसासाठी एक सुटसुटीत हंगामी परवाना असावा. तो मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कचेरीत किंवा घरबसल्या मिळावा, आणि त्याच्या शुल्काचा मोठा हिस्सा त्या त्या खाडीवरील मच्छीमार सहकारी संस्थेच्या खात्यावर थेट जमा व्हावा. परवान्यावरच भरतीचे कोष्टक, अभयारण्याची हद्द, चोणक आणि तांबोशी यांची किमान व कमाल लांबी, आणि एका माणसाने दिवसाकाठी किती मासे ठेवावे हे छापलेले असावे. होडी घ्यावयाची ती त्या संस्थेच्या सभासदाचीच. १ जून ते ३१ जुलै खाडीच्या मुखाशी हौशी गळही बंद. यांवर एक हरकत घेतली जाईल, आणि ती रास्त आहे, की अशा परवान्याचा जाच शेवटी गावातल्या गरिबालाच होईल, ज्याला संध्याकाळच्या कालवणापुरती चार काळुंदरे गरीने काढावयाची असतात. म्हणून त्याला या नियमातून पूर्ण सूट हवी, आणि ती कोणा निरीक्षकाच्या मर्जीवर न ठेवता नियमाच्या पहिल्याच कलमात लिहिलेली हवी. दुसरी हरकत अशी येईल की कागद तयार होईल आणि अंमल होणार नाही. परंतु ज्या संस्थेच्या खात्यात शुल्काचा पैसा पडतो, तिचे सभासद आपल्या खाडीवर स्वतःच नजर ठेवतील, आणि त्यांच्याइतकी नजर कोणत्याही खात्याच्या गस्तीला येणार नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला कांदळवनातून पर्यटकांना होडीने फिरवितात, झाडांची नावे सांगतात, पक्षी दाखवितात. मच्छीमार घरांतल्या त्या बायका हे करू शकतात, तर त्याच घरांतील पुरुष गळकऱ्यांना पाणी का दाखवू शकणार नाहीत?

परवाना येईल तेव्हा येवो. तोवर आपल्या हातात जे आहे ते असे की, गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे ती माशाच्या जबड्यातून विनासायास सुटते. सोडावयाचा मासा शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये. काढलाच तर कोरड्या हातांनी धरू नये, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. कल्ल्यांत बोटे घालून लटकावू नये, पोटाखाली ओला हात द्यावा, आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतःच्या शेपटीच्या जोरावर निसटेपर्यंत धरून ठेवावा. छायाचित्र काढावयाचे ते याच वेळात. घरी न्यावयाचा मासा एखादाच, मध्यम लांबीचा असावा, आणि त्याचे कालवण नावाड्याच्या घरच्या माउलीकडून शिकून घ्यावे, कारण चोणकाच्या सारात तिरफळ किती आणि कोकम किती हे आमच्या वऱ्हाडी रश्श्यावर वाढलेल्या हाताला सहजासहजी साधत नाही.

येत्या नारळी पौर्णिमेपूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याने मालवण, वेंगुर्ले, दापोली आणि गुहागर या चार तालुक्यांतल्या सहकारी संस्थांना एकत्र बसवून असा परवाना एका हंगामापुरता तरी प्रयोगादाखल सुरू करावा. त्याचे शुल्क भरून पहिल्या रांगेत उभे राहणाऱ्यांत शेलूबाजारची माणसे असतील, याची हमी मी आमच्या गावाच्या वतीने आनंदाने देतो.